टॅबवरची रिकामी चौकट

श्रावण अर्धा सरत आला की आमच्या वाडीला ऑइलपेंटचा वास येतो. आज सकाळीच आला. मी ओटीवर मेथी निवडत बसले होते, वाऱ्याने तो वास आणून नाकाशी ठेवला आणि हातातली काडी हातातच राहिली. पावसाळाभर वाळूवर ओढून ठेवलेल्या होड्यांवरची माडाची झापं आता उतरली आहेत. लाकूड घासून झालं, रंग चाललाय, मग पुढच्या टोकाला हळदकुंकू लावतील. तिकडे समुद्राचा तांबूस गढूळपणा जाऊन हिरवट झाक यायला लागलेली असते. नारळीपौर्णिमेचा नारळ पडला की वाडी एकदम पुरुषांनी रिकामी होते आणि बर्फाच्या आवाजाने भरते.

लोकांना हा मोसम आवडतो. मलाही आवडायचा. ताजी कोलंबी, ओल्या जाळ्यांचा वास, जेटीवरची गडबड, रत्नागिरीच्या बाजारात जाणाऱ्या टोपल्या. पण दोन वर्षांपूर्वीच्या मोसमापासून हा रंगाचा वास आला की मला आधी भीती वाटते, आनंद मागाहून. सांगते, का ते.

जुई माझी नात. महेशची आणि सुजाताची मुलगी. तेव्हा सात वर्षांची होती. जुई स्वमग्न आहे. ऑटिझम म्हणतात. रत्नागिरीच्या डॉक्टरांनी तो शब्द सांगितला तेव्हा तो मला दाताखाली खडा आल्यासारखा लागला होता. आता तो घरातलाच झाला आहे. जुई बोलत नाही. ऐकते सगळं, जरुरीपेक्षा जास्तच ऐकते. जेटीवर बर्फ फोडायचं मशीन सुरू झालं की इथे घरात ती कानांवर हात ठेवते, आम्हाला ते ऐकूही आलेलं नसतं. जाळं तरंगत ठेवणारे जुने बोये तिला फार आवडतात. निळे, पिवळे, लाल असे ओळीने मांडत बसते, आणि एक जरी कोणी हलवला तरी तिला न बघता कळतं.

पूर्वी तिला काही हवं असलं की ती आमचा हात धरून न्यायची. तो नेऊन तांब्यावर ठेवायची, म्हणजे पाणी. पण जी वस्तू घरात नाही, तिच्यावर हात कसा ठेवणार? मग ती स्वतःचं मनगट चावायची. चावून चावून तिथे घट्टा पडला होता. आम्ही काय काय समोर धरायचो, भात, खेळणं, चादर. ती डोकं भिंतीवर आपटायची आणि सुजाता आपला पंजा मध्ये घालायची. सुजाताच्या उजव्या हाताची बोटं त्या काळात कायम सुजलेली असत.

मग थेरपीच्या बाईंनी टॅबचं सुचवलं. रत्नागिरीत त्यांच्याकडे आठवड्याला जायचो, रिक्षा, एसटी, परत रिक्षा. त्यांनी टॅबमध्ये एक ॲप घालून दिलं. पडद्यावर चौकटी, चौकटीत चित्रं. बोट लावलं की टॅब तो शब्द बोलतो. पहिल्या दिवशी बाई ते दाखवायला घरी आल्या, टॅब म्हणाला, "मला पाणी हवे आहे." बातम्या सांगणाऱ्या बाईचा आवाज. आमचे हे, म्हणजे जुईचे आबा, पलीकडे जाळं विणत होते. ते म्हणाले, "ही कोण आली गो पुण्याची पाव्हणी? तिला आधी पाणी द्या."

बाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, "आबांचं बरोबर आहे. घरातली भाषा हवी, घरातल्या वस्तू हव्यात." मग सुजाताने बसून एकेक चौकट आपली केली. आमच्याच तांब्याचा फोटो, आमच्याच पेजेच्या वाडग्याचा फोटो, आणि सगळे शब्द स्वतःच्या आवाजात भरले. "पाणी दे." "पेज." "नको." "आवाज बंद करा." 'बाबा' या चौकटीत महेशचा फोटो होता, होडी वाळूवर ओढलेली असताना तिला टेकून हसत उभा असलेला.

बाईंनी दोन गोष्टी बजावल्या होत्या. चौकटींची जागा बदलायची नाही, कारण बोट जागा लक्षात ठेवतं. हे मला लगेच पटलं. लाइट गेले तरी माझा हात मिठाच्या बरणीवरच पडतो, तसंच ते. आणि दुसरी, दिलेला शब्द काढून घ्यायचा नाही. कितीही त्रास झाला तरी. हिच्या दृष्टीने ती जीभ आहे, म्हणाल्या.

उन्हाळाभर जुई "पाणी", "पेज", "नको" असं बोलायला लागली. मनगटावरचा घट्टा मऊ पडला. शेवटी शेवटी बाईंनी 'कुठे' ही चौकट घातली. तिच्यात चित्र होतं डोळ्यांवर हात धरून लांब बघणाऱ्या मुलीचं. सुजाताने ती वापरून दाखवली, बोया कुठे, वाडगा कुठे. जुईने त्या चौकटीकडे ढुंकून पाहिलं नाही.

मोसमाचा पहिला दिवस. पहाटेचा चहा झाला होता. दारात बबन उभा, आमच्या होडीवरचा खलाशी, खांद्यावर पिशवी. महेशने देवाला हात जोडले, आपली पिशवी उचलली, उंबऱ्याबाहेर पाय टाकला. आणि मागून सुजाताचा आवाज आला.

"बाबा कुठे?"

आम्ही सगळ्यांनी सुजाताकडे पाहिलं. तिचे ओठ मिटलेले होते. हातात डब्याचं झाकण तसंच. खाली जमिनीवर जुई टॅब मांडीवर घेऊन बसली होती. तिने परत बोट लावलं. आधी बाबा, मग ती लांब बघणारी मुलगी. "बाबा कुठे?"

आता तुम्हाला सांगायला हवं. समुद्रावर जाणाऱ्याला मागून 'कुठे' म्हणून विचारत नाहीत. शहरातही पुष्कळ जण हे पाळतात, पण तिथे फार तर बस चुकते. आमच्याकडे गेलेला माणूस पाण्यावर असतो. म्हणून आम्ही बायका सगळं विचारतो, फक्त ते सोडून. टॉवेल घेतलास? गोळ्या घेतल्यास? गुरुवारी तांदूळ किती घालू? त्या तांदळाच्या प्रश्नात सगळं असतं. तो म्हणाला नेहमीएवढे घाल, की आपण समजायचं गुरुवारी येणार. माझी सासू असंच विचारायची, मीही तसंच शिकले. सुजाता दुसऱ्या गावची, तीही वर्षभरात शिकली.

आणि आता तिच्याच आवाजात, भरल्या दारात, तो प्रश्न.

मला खरं तर रडू येत होतं, आनंदाचं. सात वर्षांत जुईने आपण होऊन विचारलेली ती पहिली गोष्ट. पण आबांचा चेहरा बघून मी पदर तोंडाशी धरला. महेश आत आला, पिशवी खाली ठेवली, बसला, पाणी प्यायला, थोडा थांबून परत निघाला. असं झालं तर असंच करतात. सुजाताने जुईचा हात हलकेच टॅबवरून उचलून धरला होता. जुईने तिच्या दंडाला चावलं, तरी तिने हात सोडला नाही आणि आवाजही काढला नाही. बबन दारात मान खाली घालून उभा होता. पण ऐकलं होतं त्याने.

त्या फेरीत जाळं कशात तरी अडकून फाटलं. फाटतात जाळी, दर मोसमात फाटतात. पण या वेळी जेटीवर माणसं आमच्या घराचं नाव घेऊन बोलायला लागली. होडीचा तांडेल, म्हणजे प्रमुख, महेश. त्याला बबन म्हणाला, "तांडेल, माझं काय नाय. पण घरातनं हाक पडली होती, हे पोरांना कळलंय." पुढच्या फेरीला दोघे जण तापाचं कारण सांगून आलेच नाहीत. खलाशी आले नाहीत तर होडी किनाऱ्याला बसते. आणि मोसमात होडी बसली की घर बसलं.

संध्याकाळी महेश म्हणाला, "सुजाता, तेवढा एक शब्द काढ."

"काढायचा नसतो. बाईंनी सांगितलंय."

"बाईंना होडीवर जायचं नाय."

सुजाता भाकरी थापत होती, तिने थापणं थांबवलं नाही. "शब्द काढला म्हणजे तिच्या डोक्यातला प्रश्न जाईल काय?"

आबा मध्ये पडले. एरवी पडत नाहीत. "माझ्या आईनं कधी विचारलं नाय. हिनं नाय विचारलं. तूपण नाय विचारलंस."

"मी नाही विचारलं, आबा. जुईनं विचारलं."

"आवाज तुझा होता."

सुजाताने थापणं थांबवलं. भाकरी तव्यावर टाकली, हात धुतले, टॅब घेऊन आत गेली. त्यातलं काय कुठे असतं ते फक्त तिलाच कळायचं. बाहेर आली तेव्हा लांब बघणाऱ्या मुलीच्या जागी नुसती पांढरी चौकट होती. भाकरी एका बाजूने करपली, ती तिने स्वतःच्या ताटात घेतली.

पुढच्या फेरीला महेश निघाला तेव्हा जुईने 'बाबा'वर बोट लावलं. "बाबा," टॅब म्हणाला. मग बोट त्या पांढऱ्या जागेवर गेलं. काही नाही. परत लावलं. परत. मी बाजूलाच होते. त्या बोटाचं नख दाबून दाबून पांढरं झालेलं मला आजही दिसतं. महेश चालत लांब गेला, वळणाआड गेला, तरी बोट चाललंच होतं. मग तिने टॅब जमिनीवर ठेवला आणि पायाने कॉटखाली ढकलला.

त्यानंतर ती पाणीही मागेना. आम्ही टॅब काढून समोर धरायचो, ती मान फिरवायची. मनगट परत तोंडात गेलं. सुजाता नुसती डोळ्यांनी बोलायची, आणि आबा ते डोळे चुकवून जाळ्याच्या गाठी मोजत बसायचे. बाहेर बघावं तर मोसम नुसता फुललेला. तेरडा उमललेला, घराघरांतून कोलंबीच्या कालवणाचा वास, उन्हं सोन्यासारखी. आणि आमच्या घरात भांडं पडलं तरी दचकायला व्हायचं. मी कधी कधी उगाच मोठ्याने बोलत राहायची, भाजीशी, मांजराशी. शांततेची मला तेव्हा भीती बसली होती, जुई गप्प असण्याची नाही, तिला गप्प केलं गेलं होतं त्याची.

गणपती झाले. आणि एका दिवशी सकाळपासून हवा पडली. झाडाचं पान हलेना. समुद्र तेलासारखा. आबा उठून दोनदा दारात जाऊन आले. दुपारी बंदरावर धोक्याचा बावटा चढला. होड्या परतायला लागल्या, एकेक करत जेटीला आल्या. आमची नव्हती. महेशचा फोन लागेना. त्यात काही विशेष नाही, लांब पाण्यात रेंज नसते, पण कान ते मानत नाहीत. वारा सुटला. आबा जेटीवर गेले, सुजाता गेली, मी दारापर्यंत जायची आणि परत यायची. कोण आलं, कोण राहिलं, जो तो ओरडून विचारत होता. मी शेजारणीशी दोन शब्द बोलले असेन, तेवढ्यात मागचं दार वाऱ्याने आपटलं.

आत आले तर जुई नव्हती.

बोये ओळीने मांडलेले होते. चपला जागेवर होत्या. मी परसात गेले, विहिरीत वाकून पाहिलं. तो एक क्षण मी कोणाला सांगत नाही. पाणी काळं होतं आणि हलत नव्हतं. मग मी वाडीत धावले. "जुई कुठे? आमची जुई दिसली कुठे?" सुजाता जेटीवरून पळत आली. माणसं होड्या बांधायची सोडून आली. बबनची बायको, मासे विकणाऱ्या बायका, शाळेतली पोरं. सगळ्या वाडीतून एकच हाक, जुई कुठे, जुई कुठे. आणि हाक मारून काय होणार होतं? ती ओ देणारी नाही. माणूस हरवलं की आपण हाक मारतो आणि कान देतो; इथे कान द्यायलाच काही नव्हतं, नुसता वारा. खाडीकडच्या चिखलात पोरं शोधत होती. भरतीची वेळ होती.

मी घरात परत आले, कॉटखाली असेल म्हणून वाकले. ती नव्हती. टॅबही कॉटखाली नव्हता. तो मागच्या दाराशी पडला होता, चालू. पडद्यावर 'बाबा'चा फोटो मोठा झालेला. आबा धापा टाकत आले. मी टॅब त्यांच्यापुढे धरला. त्यांनी डोळे बारीक करून पाहिलं आणि फोटोतल्या होडीखालच्या लाकडी ओंडक्यांवर बोट ठेवलं.

"हा कुठं काढलाय गो? कुठं?"

त्यांच्या तोंडून तो शब्द मी लग्नापासून पहिल्यांदा ऐकला. दारात उभे राहून, महेश समुद्रावर असताना, दोनदा. ते त्यांना कळलंही नाही. माझ्या उत्तराला ते थांबलेही नाहीत. होडी पावसाळ्यात जिथे ओढतो ती जागा त्यांना ओंडक्यांवरून कळली होती. सत्तरीचा माणूस वाळूत धावत सुटला. मी मागे.

वाळूवर होडी नव्हती, ती समुद्रात होती. नुसते ओंडके दोन रांगांत पडलेले, आणि त्यांच्या मधोमध जुई. महेश फोटोत जिथे उभा होता, बरोबर तिथे. लाट तिच्या गुडघ्यांपर्यंत येऊन मागे जात होती, दर लाटेला ओंडके हलत होते. ती हलत नव्हती. चित्रात बाबा जिथे होता तिथे ती आली होती, आणि तिथे बाबा नव्हता.

आबांनी तिला उचललं. तिला धरलेलं आवडत नाही, तरी त्या दिवशी ती ओरडली नाही. वर कोरड्या वाळूत आणून त्यांनी तिला खाली ठेवलं, आपला टॉवेल पसरला आणि हातभर लांब बसले. तिच्याकडे न बघता, तिला हवं असतं तसे. मी टॅब छातीशी धरून पळत आले होते, तो माझ्या हातातच होता. जुईने तो घेतला. मग आबांचा हात धरला, ती जाळं विणून वाकडी झालेली तर्जनी वेगळी केली आणि त्या पांढऱ्या चौकटीवर नेऊन ठेवली. दाबली. परत दाबली. तिच्या बोटाने होत नव्हतं, आजोबांच्या बोटाने होईल, असं तिला वाटलं असावं.

सुजाता येऊन उभी होती, ओली, केस सुटलेले. आबा वर न बघता म्हणाले, "तिचं तिला दे गो."

सुजाताने तिथेच वाळूत बसून चौकट परत आणली. लांब बघणारी मुलगी आपल्या जागी आली. भोवती निम्मी वाडी जमली होती, बबनची बायकोही होती. जुईने बोट लावलं. वाऱ्यात आवाज बारीक आला, पण आला. "बाबा कुठे?"

सगळ्यांची माणसं आली नव्हती अजून. मी बघितलं, बायकांचे डोळे समुद्राकडे होते. त्या सगळ्याच मनात तेच विचारत होत्या, दर मोसमात विचारत आल्या होत्या, मीसुद्धा, तांदळाचं निमित्त करून.

आबा म्हणाले, "म्हायत नाय बाय. आमाला पण म्हायत नाय."

जुईने त्यांच्याकडे पाहिलं. ती डोळ्यांत बघत नाही सहसा. मग टॅब मांडीवर ठेवला आणि समुद्राकडे बघत बसली. मनगट तोंडात घातलं नाही. मला तेव्हा कळलं की तिला उत्तर हवं होतं हे खरं, पण त्याच्याआधी तिला हवं होतं ते प्रश्न आमच्यापर्यंत पोचणं.

दुसऱ्या दिवशी सकाळी महेशचा फोन आला. वाऱ्याने त्यांना उत्तरेकडे ढकललं होतं, दाभोळच्या खाडीत शिरून नांगर टाकला होता. सगळे नीट. सुजाताने फोन ऐकला, खाली बसली आणि सगळ्यात आधी म्हणाली, "तिथला एक फोटो पाठवा." तो फोटो आला, खाडी, होड्यांची दाटी, लाल शर्टातला महेश. टॅबमध्ये नवी चौकट झाली, दाभोळ. आबांनी स्वतः जुईला दाखवली. "बाबा हितं." जुईने ती इतक्या वेळा दाबली की शेवटी आबाच म्हणाले, "दाभोळ पुसून जायचं गो आता." त्यानंतर आबांच्या सांगण्यावरून सुजाताने 'माहीत नाही' हीसुद्धा चौकट भरली. तिला आम्ही एवढं खरं सांगायला शिकलो आहोत, तर तिलाही ते म्हणता आलं पाहिजे, असं त्यांचं म्हणणं.

खलाशांचं काय, तुम्ही विचाराल. आबा बबनच्या घरी गेले. काय बोलले ते त्यांनी सांगितलं नाही, पण बबनने सांगितलं. म्हणे, मागून विचारलं तर हाक. पुढून, बसल्या जागी, पिशवीला हात लावायच्या आधी विचारलं तर ती चौकशी. "आणि तरी कोणाला नको असंल तर त्यानं माझ्या जागी घरात बसून जाळं विणावं, मी जातो होडीवर." बबन म्हणाला, आबा, तुम्ही नका येऊ, आम्हीच जातो.

परवा नारळीपौर्णिमा. होडीला या वेळी निळा रंग दिला आहे, जुईने बोट ठेवून निवडलेला. पहिल्या फेरीची सकाळ कशी असेल ते मला आताच दिसतं, मागच्या मोसमात तशीच होती. महेश पायरीवर बसेल. पिशवी आत, खुंटीला. बबन बाहेर उभा राहून विडी शोधल्यासारखं करील. माझी भीती तिथेच असेल, ती जात नाही. समुद्र काही आमचं ऐकून शहाणा झालेला नाही. आणि आबा, जे अजूनही मला जाणाऱ्याला कुठे म्हणू देत नाहीत, ते जुईच्या बाजूला येऊन बसतील आणि म्हणतील, "विचार गो."

जुई विचारेल. टॅब सुजाताच्या आवाजात बोलेल. महेश एकेक फोटो दाखवत सांगेल, आधी जेटी, मग लांबचं पाणी, मग परत घर. सांगेल जुईला. आत सुजाता गॅस बारीक करून, फोडणीचा चमचा हातात धरून उभी असेल, उत्तर नीट ऐकू यावं म्हणून.